आर्जेन्टिनाचे दोन हिशेब



दहा डिसेंबर हा दिवस मानवी हक्कांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. १९४८ साली त्या दिवशी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. बाजूने ४८ मते पडली, विरुद्ध एकही पडले नाही, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते. ते जाऊन त्या जागी 'सर्व मानव' हे शब्द आले, ते मुंबई कायदे कौन्सिलच्या एके काळच्या सभासद श्रीमती हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. बाजूने मत देणाऱ्या त्या ४८ राष्ट्रांत दक्षिण अमेरिकेतील आर्जेन्टिना हेही एक होते.

त्यानंतर बरोबर २९ वर्षांनी, १९७७ च्या दहा डिसेंबरला सकाळी, त्याच आर्जेन्टिनाच्या राजधानीलगतच्या एका कामगार वस्तीतून त्रेपन्न वर्षांची एक गृहिणी वर्तमानपत्र विकत आणण्यासाठी घराबाहेर पडली. तिचे नाव असुसेना विल्याफ्लोर. त्या दिवशीच्या अंकात तिने आणि तिच्यासारख्या इतर आयांनी पैसे गोळा करून दिलेली एक जाहिरात छापून यायची होती. जाहिरातीत मागणी एकच होती : आमची मुले कोठे आहेत ते खरे सांगा. बाई वर्तमानपत्र घेऊन घरी परतल्या नाहीत. वाटेतच शस्त्रधारी माणसांनी त्यांना मोटारीत कोंबले व नेले.

आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १९८३ च्या दहा डिसेंबरलाच, राउल आल्फोन्सिन यांनी लोकांनी निवडलेला अध्यक्ष म्हणून त्या देशात शपथ घेतली.

एकाच तारखेच्या या तीन नोंदी आहेत. पहिलीत वचन आहे, दुसरीत वचनभंग आहे, तिसरीत पुन्हा उभे राहणे आहे. या नोंदींच्या मधल्या काळात काय घडले, आणि मुख्य म्हणजे ते का घडू शकले, हा माझा आजचा विषय आहे. त्या काळाचे दोन हिशेब आहेत. एक माणसांचा आणि दुसरा पैशांचा. बहुतेक वेळा हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जातात. ते शेजारी शेजारी मांडून वाचावेत, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

सुपीक देश, रिकामी तिजोरी

आर्जेन्टिना हा मुळात दरिद्री देश नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी दरडोई उत्पन्नात त्याची गणना जगातील पहिल्या दहा देशांत होत असे. पाम्पा नावाच्या त्याच्या विस्तीर्ण सपाट मैदानात गहू मातीच्या गुणानेच पिकतो आणि गुरे मोकळ्या कुरणावर पोसली जातात. इंग्रजी भांडवलाने आगगाड्या टाकल्या, थंड कोठ्यांच्या जहाजांतून मांस लंडनला जाऊ लागले, इटली व स्पेनमधून माणसांचे लोंढे आले. १९१३ साली ब्युनॉस आयर्समध्ये जमिनीखालून आगगाडी धावत होती. पॅरिसमध्ये एखाद्या उधळ्या धनिकाचे वर्णन करताना 'आर्जेन्टिनावाल्यासारखा श्रीमंत' असे म्हणत.

पण या श्रीमंतीचा पाया एकाच प्रकारचा होता. शेतमाल बाहेर पाठवायचा आणि बाकी सारे बाहेरून आणायचे. १९२९ च्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि पाया हादरला. १९३० च्या सप्टेंबरात जनरल उरिबुरू याने वृद्ध अध्यक्ष इरिगोयेन यांना पदच्युत केले. न्यायालयानेही ते सरकार मान्य केले. लष्कराने एकदा ओलांडलेला उंबरठा मग पुन्हा पुन्हा ओलांडला जाऊ लागला : १९४३, १९५५, १९६२, १९६६ आणि १९७६. शेहेचाळीस वर्षांत सहा सत्तांतरे! प्रत्येक वेळी कारण तेच सांगितले जाई. राज्यकर्ते नालायक आहेत, महागाई असह्य झाली आहे, देश बुडतो आहे, लष्कर तो वाचवील.

मधल्या काळात क्वान पेरॉन हा स्वतः लष्करातला माणूस कामगारांच्या पाठिंब्यावर १९४६ साली निवडून आला. त्याने कामगारांना वेतनवाढ, रजा, निवृत्तिवेतन दिले, मान दिला. आणि त्याच वेळी वर्तमानपत्रांची गळचेपी केली. १९५५ मध्ये त्याला हाकलून देण्यात आले आणि अठरा वर्षे त्याच्या पक्षाला मोकळेपणाने निवडणूक लढविता आली नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला मतपेटीचे दार बंद केले म्हणजे माणसे दुसरी दारे शोधतात. तरुणांपैकी काहींनी बंदूक हाती घेतली. मॉन्तोनेरोस नावाच्या संघटनेने १९७० साली माजी लष्करशहा आरांबुरू याला पळवून नेऊन ठार केले. खंडण्या, खून, लष्करी ठाण्यांवर हल्ले सुरू झाले. १९७३ मध्ये पेरॉन परत आला, मोठ्या बहुमताने निवडून आला आणि १९७४ च्या एक जुलैला वारला. गादीवर आली त्याची पत्नी इसाबेल. अध्यक्षपद भूषविणारी ती जगातील पहिली स्त्री. पण कारभार तिच्या आवाक्यातला नव्हता. तिच्या मंत्र्याच्या आश्रयाखाली उजव्या मारेकऱ्यांची एक टोळी दिवसाढवळ्या माणसे मारू लागली.

त्यात तेलाचे भाव चढले. १९७५ च्या जूनमध्ये अर्थमंत्री रोद्रिगो याने पेसो या चलनाची किंमत एका झटक्यात निम्म्याहून खाली आणली आणि पेट्रोलचे भाव कडाडले. कामगारांनी संप करून वेतनवाढ मिळविली, ती महिन्याभरात महागाईने गिळली. पुढील वर्षी महागाईचा वार्षिक दर चारशे टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे वर्षाच्या आरंभी शंभराला मिळणारी वस्तू वर्षाअखेर पाचशेला! सकाळी ठरलेला भाव संध्याकाळी बदलत असे. अशा दिवसांत मध्यमवर्गीय माणूस काय म्हणतो? तो म्हणतो, 'कोणी का येईना, पण एकदा शिस्त लावा.'

ही शिस्त आली १९७६ च्या २४ मार्चला. भूदलाचा व्हिदेला, नौदलाचा मासेरा आणि विमानदलाचा आगोस्ती अशा तिघांच्या मंडळाने सत्ता घेतली. संसद बरखास्त केली, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश बदलले, राजकीय पक्षांचे काम बंद पाडले, कामगार संघ ताब्यात घेतले, संपाला बंदी केली. वस्तुतः निवडणुका त्याच वर्षी घ्यायचे ठरले होते. बंडखोरांपैकी एका मोठ्या गटाचे कंबरडे आदल्या डिसेंबरातच, राजधानीजवळच्या शस्त्रागारावरील फसलेल्या हल्ल्यात, मोडले होते. परंतु हे कोणी ध्यानात घेतले नाही. रस्त्यावर विरोध झाला नाही. पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. जुलूम नेहमी मागच्या दाराने येतो असे नाही. कित्येकदा आपणच कंटाळून त्याला पुढचे दार उघडून देतो.

पहिला हिशेब : माणसांचा

लष्करी राजवटी जगाने पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत माणसांना तुरुंगात घालतात, फासावर देतात, हद्दपार करतात. आर्जेन्टिनाच्या सेनापतींनी यापेक्षा निराळी पद्धत उचलली. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या चिलीत उघड कत्तलींमुळे जगभर ओरडा झालेला त्यांनी पाहिला होता. म्हणून त्यांनी माणसे मारली, पण मारल्याचे कबूल केले नाही. माणूस नाहीसा व्हायचा.

रीत ठरलेली असे. रात्री नंबराची पाटी नसलेल्या मोटारीतून साध्या वेषातील सशस्त्र माणसे येत. त्या भागातील पोलिसांना आधी सूचना असे, म्हणून पोलीस फिरकत नसत. घरातील माणसाच्या डोक्यावर बुरखा टाकून त्याला नेत. बरोबर घरातील किमती सामानही पुष्कळदा नेत. नेलेला माणूस गुप्त ठाण्यात जाई. तेथे नावाऐवजी क्रमांक, डोळ्यांवर पट्टी, आणि विजेचे झटके. पुढे एक दिवस त्याची 'बदली' होई. कचेरीतला हा साधा शब्द तेथे मृत्यूचा पर्याय झाला होता.

अशा ठाण्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध ठाणे म्हणजे राजधानीतील नौदलाची यंत्रशाळा. वर्दळीच्या हमरस्त्यावर ही इमारत उभी आहे. सुमारे पाच हजार माणसे तेथे नेली गेली आणि जिवंत सुटली ती काही शेच. गरोदर स्त्रियांना बाळंत होईपर्यंत जगू देत, मग मूल काढून घेऊन आईची 'बदली' करीत आणि ते मूल बहुधा लष्करी कुटुंबांत वा त्यांच्या ओळखीपाळखीत देऊन टाकीत. १९७८ च्या जूनमध्ये जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आर्जेन्टिनाने हॉलंडविरुद्ध ३–१ असा जिंकला, ते क्रीडांगण या इमारतीपासून थोड्याच अंतरावर आहे. वाचलेल्या बंद्यांनी पुढे सांगितले, की जयघोष त्यांना आत ऐकू येत होता.

बदली म्हणजे काय, हे १९९५ साली नौदलातील एका माजी अधिकाऱ्याने, आदोल्फो सिलिंगो याने, स्वतःच्या तोंडाने सांगितले. बंद्यांना गुंगीचे औषध टोचून विमानात चढवीत, कपडे काढीत आणि समुद्रावर गेल्यावर जिवंत खाली लोटून देत.

आता नातेवाईक काय करीत होते ते पाहू. ते पोलीस ठाण्यात जात. उत्तर मिळे, असा कोणी आमच्याकडे नाही. छावणीत जात, तेथेही तेच उत्तर. मग न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करीत. बंदीला आमच्यासमोर हजर करा, असे न्यायाधीशाने सरकारला फर्मावण्याचा हा जुना हक्क आहे आणि नागरिकाचे साऱ्या हक्कांचे कुलूप या एका किल्लीने उघडते. असे हजारो अर्ज झाले. न्यायाधीश पोलिसांना विचारीत, पोलीस 'माहीत नाही' म्हणून लिहून देत आणि अर्ज निकालात निघे! कुंपणच शेत खाऊ लागले म्हणजे दाद कोणाकडे मागावी?

आणि शेजारीपाजारी? त्यांच्या तोंडी एक वाक्य रुळले होते : 'काहीतरी केले असेलच.' उगाच कोणाला कशाला नेतील? हे वाक्य निर्दय माणसांचे नव्हते, भ्यालेल्या माणसांचे होते. ज्याला नेले त्याने काहीतरी केले असलेच पाहिजे, कारण तसे नसेल तर उद्या मलाही नेतील. आणि हा विचार सहन होत नाही. अशा रीतीने भित्रा मनुष्य जुलमाच्या बाजूने साक्ष देऊ लागतो.

या वाक्याला पहिले उत्तर चौदा आयांनी दिले. असुसेनाबाईंचा मुलगा नेस्तोर १९७६ च्या नोव्हेंबरात नाहीसा झाला होता. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना त्याच त्याच बायका एकमेकींना भेटू लागल्या. अशा एकट्यादुकट्या फिरून काही होणार नाही, आपण सगळ्यांनी मिळून राजवाड्यासमोरच्या मे चौकात जमले पाहिजे, असे बाईंनी सुचविले. १९७७ च्या ३० एप्रिलला चौदाजणी जमल्या. तो शनिवार होता, चौकात चिटपाखरू नव्हते. मग वार बदलला आणि गुरुवारी दुपारी साडेतीन ही वेळ ठरली. जमावबंदीचा अंमल होता. पोलीस म्हणाले, उभे राहू नका, चालत्या व्हा. बायका चालू लागल्या! दोघीदोघींनी हातात हात घालून त्या चौकातील स्तंभाभोवती फिरू लागल्या. पोलिसांचा हुकूम त्यांनी अक्षरशः पाळला. त्याच ऑक्टोबरात लुहानच्या देवीच्या यात्रेत गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला बाळांची पांढरी दुपटी बांधली. हे दुपटेच पुढे त्यांचे निशाण झाले.

त्यांच्यात एक गोरागोमटा, देखणा तरुण येऊ लागला. आपला भाऊ नाहीसा झाला आहे, असे तो सांगे. आया त्याची काळजी करीत, पोलीस आले की त्याला दूर घालवीत. तो नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस होता. ८ डिसेंबर १९७७ रोजी सांता क्रूस चर्चमधून निघालेल्या माणसांना पकडण्यात आले, त्यांत दोन आया व एक फ्रेंच जोगीण होती. दुसऱ्या जोगिणीला तिच्या राहत्या जागेतून नेले. दोन दिवसांनी असुसेनाबाईंना नेले. सेनापतींना वाटले, आता चौक रिकामा होईल. पुढल्या गुरुवारी बायका पुन्हा आल्या. कमी आल्या, पण आल्या.

समुद्राने मात्र गुपित राखले नाही. डिसेंबरच्या अखेरीस किनाऱ्यावर काही प्रेते लागली आणि ती जवळच्या दफनभूमीत बेवारस म्हणून पुरली गेली. अठ्ठावीस वर्षांनी, २००५ मध्ये, अस्थिपरीक्षा करणाऱ्या तज्ज्ञांच्या पथकाने त्यांतील एक सांगाडा असुसेनाबाईंचा असल्याचे सिद्ध केले. मोडलेली हाडे उंचावरून पाण्यावर आपटल्याची साक्ष देत होती. त्याच वर्षी त्यांची रक्षा मे चौकात, त्या फिरत असत त्या स्तंभाच्या पायथ्याशी पुरण्यात आली.

दुसरा हिशेब : पैशांचा

आता दुसरी वही उघडू. सत्तांतरानंतर नऊच दिवसांनी, २ एप्रिल १९७६ रोजी, नवे अर्थमंत्री मार्तिनेस दे ओस यांनी आपला कार्यक्रम जाहीर केला. मालाचे भाव मोकळे सोडले, वेतन मात्र गोठविले. पहिल्या वर्षातच कामगाराच्या वेतनाची खरी किंमत एक तृतीयांशाहून अधिक उतरली. नाणेनिधीचे कर्ज काही महिन्यांतच मंजूर झाले. परदेशी पेढ्यांचा विश्वास परत आला.

तेलाच्या किमती वाढल्यापासून लंडन-न्यूयॉर्कच्या पेढ्यांत अरबस्तानचा पैसा साचून राहिला होता आणि त्यांना गिऱ्हाईक हवे होते. इकडे १९७८ च्या अखेरीस अर्थमंत्र्यांनी एक तक्ता प्रसिद्ध केला. पुढील महिन्यांत डॉलरचा भाव कोणत्या दिवशी किती असेल, हे त्यात आगाऊ छापलेले असे. महागाईला वेसण घालणे हा हेतू. पण देशातले भाव तक्त्यापेक्षा वेगाने चढत राहिले. परिणामी डॉलर कृत्रिम रीतीने स्वस्त झाला. मग चतुर माणसांनी पाहिले, की परदेशात थोड्या व्याजाने डॉलर उसने घ्यावे, त्यांचे पेसो करून येथे मोठ्या व्याजाने लावावे, आणि मुदत भरताच तक्त्यातील भावाने पुन्हा डॉलर करून बाहेर न्यावे. कारखाना नको, शेत नको, मजूर नको. लोकांनी या धंद्याला 'पैशाची सायकल' असे नाव दिले. पायडल मारीत राहिले तर सायकल उभी राहते, थांबली की आडवी!

मध्यमवर्गालाही या स्वस्त डॉलरची चव लागली. लोक मायामीला जाऊन चित्रवाणीचे संच आणू लागले, आणि 'दोन द्या' ही त्यांची तेथील दुकानांत ओळख झाली. त्या काळाला ते 'गोड पैशाचा काळ' म्हणतात. परदेशी मालाच्या पुरात देशातील गिरण्या व कारखाने बंद पडू लागले. १९८० च्या मार्चमध्ये देशातील सर्वांत मोठी खाजगी पेढी बुडाली. १९८१ मध्ये तक्ता कोसळला आणि पेसोची धूळदाण झाली. खाजगी कंपन्यांनी काढलेल्या परदेशी कर्जाचा मोठा बोजा १९८२ पासून सरकारने, म्हणजे करदात्याने, आपल्या शिरावर घेतला. १९७५ च्या अखेरीस परदेशी देणे सुमारे ८ अब्ज डॉलर होते. १९८३ मध्ये सेनापती गेले तेव्हा ते सुमारे ४५ अब्ज झाले होते. आणि ज्या महागाईचे निमित्त करून ते आले होते, ती त्यांच्या जाण्याच्या वर्षी पुन्हा तीनशे टक्क्यांच्या वर होती.

या दोन वह्यांचा संबंध काय? तो मी जोडीत नाही, तो नोंदींतच आहे. पुढे चौकशी मंडळाने बेपत्ता माणसांचे वर्गीकरण केले, तेव्हा शंभरांत तीस कामगार निघाले आणि एकवीस विद्यार्थी. कारखान्यांतील कामगार प्रतिनिधींच्या याद्याच लष्कराच्या हाती गेल्या होत्या. एका परदेशी मोटार कारखान्यातील २४ कामगारांच्या अपहरणाला साह्य केल्याबद्दल त्या कारखान्याच्या दोन माजी अधिकाऱ्यांना २०१८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, शिक्षा झाली. मजुरी एक तृतीयांशाने कापायची आणि कामगाराने हूं की चूं करायचे नाही, हे उजेडात घडत नाही. त्याला अंधार लागतो. लेखक व पत्रकार रोदोल्फो वॉल्श यांनी हा संबंध सर्वांआधी ओळखला. सत्तांतराच्या पहिल्या वर्षदिनी, २४ मार्च १९७७ रोजी, सेनापतींना लिहिलेल्या उघड पत्रात त्यांनी खुनांचा हिशेब मांडला आणि पुढे लिहिले, की लाखो माणसांवर ठरवून लादलेली हलाखी ही त्याहूनही मोठी क्रूरता होय. दुसऱ्या दिवशी पत्राच्या प्रती टपालात टाकून ते निघाले असता त्यांना रस्त्यात गाठून गोळ्या घातल्या. त्यांचे शवही घरच्यांना मिळाले नाही.

जगाची साक्ष

जग काय करीत होते? १९७६ च्या जूनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी आर्जेन्टिनाच्या परराष्ट्रमंत्र्याला, जे करायचे असेल ते लवकर आटोपा, अशा अर्थाचा सल्ला दिला. ही नोंद पुढे अमेरिकन सरकारनेच खुली केली. १९७७ मध्ये कार्टर अध्यक्ष झाले आणि वारे बदलले. त्यांनी मानवी हक्कांचा प्रश्न उघडपणे काढला व लष्करी मदत थांबली.

मग सेनापतींच्या मदतीला कोण यावे? साम्यवादाशी लढतो म्हणणाऱ्या या सेनापतींचा गहू घेऊ लागला सोव्हिएत रशिया! अफगाणिस्तानात रशियाने फौजा घातल्यामुळे १९८० च्या जानेवारीत कार्टर यांनी रशियाला धान्य विकण्यास बंदी केली. आर्जेन्टिना त्या बंदीत सामील झाला नाही. त्याच्या निर्यात धान्याचा मोठा हिस्सा रशियाला गेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क मंडळात आर्जेन्टिनाविरुद्ध ठराव येऊ लागला की रशियाचे प्रतिनिधी आड येत. मला वाटते, तत्त्वज्ञानाच्या गप्पा ऐकताना हे उदाहरण आपण मनात ठेवावे. दोन्ही गोटांना मानवी हक्क पाठ होते. पण ते दुसऱ्याच्या अंगणातले.

तरीही बाहेरच्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७९ च्या सप्टेंबरात अमेरिका खंडातील राष्ट्रांचे मानवी हक्क मंडळ ब्युनॉस आयर्सला आले. तक्रार नोंदविण्यासाठी भर रस्त्यात नातेवाइकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. सरकारने मोटारींवर चिकटविण्यासाठी चिठ्ठ्या वाटल्या होत्या, त्यांवर 'आम्ही आर्जेन्टिनावासी सरळ आणि माणुसकीचे' अशी शाब्दिक कोटी होती. रांगेजवळून मोटारी त्या चिठ्ठ्या मिरवीत जात होत्या. तरी माणसे रांग सोडून गेली नाहीत. मंडळाकडे पाच हजारांवर तक्रारी आल्या. त्याच डिसेंबरात व्हिदेलाला वार्ताहरांनी गाठले, तेव्हा तो म्हणाला, की बेपत्ता माणूस म्हणजे मेलेला नाही आणि जिवंतही नाही, तो बेपत्ता आहे. राज्याच्या प्रमुखाने आपल्या नागरिकांविषयी असे बोलावे, यावर भाष्य करण्याची गरज नाही.

१९८२ च्या ३० मार्चला कामगार 'शांती, भाकरी आणि काम' मागत रस्त्यावर उतरले व त्यांना झोडपून काढले. तीनच दिवसांनी जनरल गाल्तिएरी याने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरविले, आणि त्याच मे चौकात लाखाचा समुदाय त्याचा जयजयकार करू लागला! बेटांवरील हक्काची भावना त्या लोकांत खोल आहे. पण ७४ दिवसांत युद्ध संपले. आर्जेन्टिनाचे ६४९ जवान पडले, ब्रिटनचे २५५. बायकांचा छळ करण्यात शूर ठरलेल्या आस्तिसने दक्षिण जॉर्जिया बेटावर शरणपत्रावर सही केली. युद्ध हरलेल्या आणि तिजोरी रिकामी केलेल्या सेनापतींना निवडणूक घेणे भाग पडले.

न्यायाची वाट

आल्फोन्सिन यांनी लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. मंडळाने १९८४ च्या सप्टेंबरात अहवाल दिला. त्याचे नाव 'पुन्हा कधीही नाही'. त्यात ८,९६० बेपत्ता माणसांची व सुमारे ३४० गुप्त ठाण्यांची नोंद आहे. मानवी हक्क संघटना बेपत्तांचा आकडा ३०,००० सांगतात. या आकड्यावर तेथे अजून वाद घातला जातो. पण आकडा नक्की नाही, याचा दोष कोणाचा? ज्यांनी वही जाळली त्यांनी बेरीज चुकली म्हणून ओरडू नये.

१९८५ च्या एप्रिलमध्ये नऊ सेनापती साध्या मुलकी न्यायाधीशांसमोर उभे राहिले. आठशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. ९ डिसेंबरला निकाल लागला. व्हिदेला व मासेरा यांना जन्मठेप, तिघांना कमी मुदतीच्या शिक्षा, चौघे सुटले. ज्या आरोपींनी कोणालाही वकील दिला नव्हता, त्यांना वकील मिळाले आणि पुराव्याअभावी सुटण्याची संधीही मिळाली. माझ्या मते या खटल्याचे मोठेपण शिक्षेपेक्षा यात अधिक आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. बंडखोरांनीही निरपराध माणसे मारली नव्हती काय? मारली होती, आणि तो गुन्हाच होता. पण गुन्हेगाराला शासन करण्यासाठी राज्याजवळ पोलीस, न्यायालय, तुरुंग सारे होते. इटलीत १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना लाल तुकड्यांनी पळवून ठार केले. इटलीने न्यायालये बंद न करता त्या टोळ्यांचा बीमोड केला. बंडखोर गुन्हा करतो तेव्हा आपण राज्याकडे धाव घेतो. राज्यच लपून गुन्हा करू लागले तर धाव घ्यायला जागा उरत नाही. दोहोंतला फरक हा आहे.

पुढची वाट सरळ नव्हती. १९८७ च्या ईस्टरमध्ये काही अधिकाऱ्यांनी बंड केले. त्या सुमारास झालेल्या दोन कायद्यांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांवरील खटले थांबले. १९९० मध्ये अध्यक्ष मेनेम यांनी सेनापतींना माफी दिली. तरी बायका दर गुरुवारी फिरतच राहिल्या. आज्ज्यांनी नवा मार्ग काढला. आईबाप नाहीत, तर आजीच्या रक्तावरून नातवाची ओळख पटेल काय? अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी तसे गणित मांडून दिले, १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पेढी निघाली. २०२५ पर्यंत अशी १४० नातवंडे सापडली. सेनापतींनी ज्या मुलांना मूक लूट समजून वाटून टाकले, त्यांच्या रक्तातच पुरावा लिहिलेला होता. शेवटी २००३ मध्ये संसदेने ते दोन कायदे रद्दबातल केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली. व्हिदेला २०१३ मध्ये तुरुंगात मेला. नौदलाची यंत्रशाळा आता स्मारक झाली आहे.

समारोप

आपण विचाराल, मग आर्जेन्टिना सुखी झाला काय? नाही. १९८९ मध्ये महागाई तीन हजार टक्क्यांवर गेली आणि आल्फोन्सिन यांना मुदतीपूर्वी पद सोडावे लागले. २००१ च्या डिसेंबरात लोकांच्या बचती पेढ्यांत अडकल्या, रस्त्यावर दंगली झाल्या, माणसे मेली, दोन आठवड्यांत पाच जणांच्या हाती देशाची सूत्रे आली आणि गेली. पैशांचा हिशेब त्या देशाला अजून जुळविता आलेला नाही.

पण एक गोष्ट पाहा. १९८९ ची आणि २००१ ची स्थिती १९७६ पेक्षा काही बरी नव्हती. १९७६ मध्ये लोक 'कोणी का येईना' म्हणाले होते. १९८९ मध्ये आणि २००१ मध्ये लोक संतापले, भांडी बडवीत रस्त्यावर आले, राज्यकर्त्यांना चालते व्हा म्हणाले. पण छावणीचे दार ठोठावायला कोणी गेले नाही. १९३० पासून शेहेचाळीस वर्षांत सहा वेळा जे घडले, ते १९८३ नंतर एकदाही घडले नाही. महागाई तीच, माणसे तीच. मग बदलले काय? त्यांना दुसरा हिशेब कळला होता. शिस्तीच्या नावाने स्वातंत्र्य गहाण टाकले, तर स्वातंत्र्य जाते आणि कर्ज मात्र राहते, हे त्यांनी आपल्या मुलांच्या किमतीने शिकून घेतले होते.

मनुष्य नाहीसा करण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये जो करार केला, त्यामागे या आयांची व आज्ज्यांची पायपीट आहे. भारताने २००७ मध्ये त्यावर सही केली. पण सही पक्की करण्याचे पुढचे पाऊल अजून टाकलेले नाही. याची आठवण ठेवणे हे राज्यकर्त्यांइतकेच आपलेही काम आहे.

असुसेनाबाई विदुषी नव्हत्या, पुढारी नव्हत्या, वक्त्या तर नव्हत्याच. कारखान्याच्या कचेरीत दूरध्वनीवर काम केलेली ती साधी गृहिणी होती. तिने केले एवढेच, की 'काहीतरी केले असेलच' हे वाक्य तिने मानले नाही. आपल्या गल्लीत, आपल्या गावात, हे वाक्य कोणाविषयी तरी उच्चारले जाते तेव्हा आपण मान डोलावतो की 'काय केले ते सांगा, आणि न्यायाधीशासमोर सांगा' असे विचारतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. घरी जाताना हा एक प्रश्न आपण बरोबर न्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.